एक मिनिट बावन्न सेकंद

सोमवार, ३ मार्च

दोऱ्याच्या कंपनीने नववर्षाला वाटलेली ही डायरी दोन महिने कपाटावर धूळ खात पडली होती. आज तिच्यात लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

सकाळी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, पुन्हा बटणं कमी भरली. सहा वर्षं मी या शर्टांच्या कारखान्यात भांडारात बसून बटणं मोजतोय. मोजून मोजून डोळ्यांचीच बटणं झालीत. पण साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि एक मनगटी घड्याळ टेबलावर ठेवलं. जड, स्टीलचं, चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं असलेलं. क्रोनोग्राफ म्हणतात त्याला. मालकांच्या वडिलांचं आहे.

साहेब म्हणाले, "आजपासून तू वेळमापक. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून रोजचा आकडा ठरवायचा. बायका गप्पा मारतात आणि पगार कारखाना देतो. तीन महिने बघतो, जमलं तर कायम."

माझी ताई इथेच कॉलरवर आहे. कॉलर शिवून गळ्याला बसवायची, एकोणीस वर्षं तेच काम. तिच्या शब्दावर मला नोकरी लागली असं लोक म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ताई एकवीसची. तिनेच मला वाढवलं, शिकवलं. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. विचारलं तर म्हणते, सवड झाली नाही.

संध्याकाळी घड्याळ दाखवलं. तिने आधी हात धुतले, पुसले, मग हातात घेतलं. बराच वेळ बघून म्हणाली, "बाळ्या, हा मोठा काटा हलत नाहीये रे. बंद पडलंय का?"

बघतो तर खरंच. मधला लांब लाल काटा बाराच्या आकड्यावर ढिम्म उभा. रात्रीचं जेवण गेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

बसथांब्याजवळच्या जिन्याखाली एक म्हातारे घड्याळजी बसतात. डोळ्याला कायम भिंग, म्हणून त्यांना सगळे भिंगवाले काका म्हणतात. त्यांच्यासमोर घड्याळ ठेवलं आणि म्हटलं, "सेकंदकाटा अडकलाय."

ते इतके हसले की भिंग डोळ्यातून निसटून मांडीवर पडलं. "अरे शहाण्या, तो अडकलेला नाही, तो बसलेला आहे. त्याला काम दे, मग उठेल."

त्यांनी वरचं बटण दाबलं. लाल काटा तुरुतुरु चालू लागला. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं दाबलं, टुणकन बारावर परत. रोजचे सेकंद डावीकडच्या छोट्या तबकडीत चालतात. उजवीकडच्या छोट्या तबकडीत मिनिटं मोजली जातात, तीसपर्यंत. लाल काट्याची एक फेरी झाली की उजवीकडचा काटा एक घर पुढे जातो. एवढं साधं. ताईने उगाच घाबरवलं. माणसाला येत नसेल तर बोलू नये.

गुरुवार, ६ मार्च

आज काकांनी मागचं झाकण उघडून भिंगातून आतलं दाखवलं. मी अर्धा तास श्वास धरून पाहत होतो.

घड्याळ आपलं रात्रंदिवस चालतंच, काका म्हणाले. क्रोनोग्राफ म्हणजे त्याच्या डोक्यावर बसवलेला भाडेकरू. बटण दाबलं की एक चाक सरकतं आणि चालत्या चाकाच्या दातांत दात घालतं. मग लाल काटा त्याच्या जिवावर फिरतो. पुन्हा दाबलं की चाक मागे सरतं आणि एक पट्टी ब्रेकसारखी येऊन टेकते. शून्यावर आणायची युक्ती तर फारच झकास. काट्याच्या दांड्यावर पत्त्यातल्या बदामासारखी एक चकती असते. खालचं बटण दाबलं की एक हातोडी तिच्यावर आपटते. बदाम कसाही वळलेला असो, तो घसरून खाचेत बसतो आणि काटा सरळ बारावर.

आणि मिनिटांचं? तर लाल काट्याच्या चाकाला एक बारीकसं बोट असतं. दर फेरीला ते शेजारच्या चाकाला एकदाच ढकलतं, एक दात पुढे. बस, एक मिनिट जमा. ते बोट काकांनी मला सुईच्या टोकाने दाखवलं.

"जुनं आहे हे," ते म्हणाले. "आठ दिवस ठेव. उघडून धुऊन, तेल घालून देतो. हे बोट मला जरा झिजल्यासारखं वाटतंय."

सोमवारपासून मोजणी सुरू व्हायची आहे. आठ दिवस ठेवलं तर साहेब दुसरा वेळमापक शोधतील. मी म्हटलं, नंतर बघू. म्हाताऱ्याला गिऱ्हाईक हवंच असणार. निघताना म्हणाले, "निदान घरी भिंतीवरच्या घड्याळाशी पाच मिनिटं लावून बघ."

रविवार, ९ मार्च

लावून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, माझ्यात चार. सेकंदकाटा मात्र दोन्हीकडे नेमका बारावर. पुन्हा लावलं, तर पाचला पाच. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काही भरवसा नाही. ताईला सांगितलं, सेल बदल. ती म्हणाली, "मागच्या महिन्यातच बदललाय." म्हटलं, मग स्वस्तातला आणला असशील. तिने निमूटपणे दुसरा आणला.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट सांगितली. उद्यापासून कारखान्यात मला बाळ्या म्हणायचं नाही. साठ बायकांसमोर बरं दिसत नाही. ती म्हणाली, "मग काय म्हणू, साहेब?" चेष्टा करत होती, पण मी म्हटलं, हो, साहेब म्हण.

सोमवार, १० मार्च

मोठ्या साहेबांचा सल्ला असा की मोजायचं ते सगळ्यात चांगल्या कामगारापासून. म्हणजे ताई.

ती आज अर्धा तास आधी गेली होती. मशीनला तेल घातलेलं, बॉबिन भरून रांगेत लावलेल्या, ठेवणीतले कपडे. आजूबाजूच्या बायकांना सांगत होती, "आज माझ्या भावाची परीक्षा आहे ग, कुणी हाका मारू नका मला." मला इतकी लाज वाटली.

दहा कॉलर मोजल्या. मी तिच्या हातांकडे एकदाही पाहिलं नाही, नजर घड्याळावरून हलू दिली नाही. वेळमापकाने तसंच करायचं असतं. वेळा या आल्या: २.५१, २.५३, १.५२, २.५०, २.५४, १.५२, २.५२, २.५१, १.५२, २.५२.

गंमत म्हणजे सेकंद जवळपास तेच. कधी कधी आख्खं मिनिटच कमी लागतं.

कागद साहेबांकडे नेला. त्यांनी तीन आकड्यांभोवती लाल गोल केले आणि खुर्चीत मागे रेलले. "बघितलंस? बाई तीनदा एक-बावन्नमध्ये करते. म्हणजे तिला येतं. उरलेल्या सात वेळा ती काय करते?"

मी म्हटलं, "दमत असेल."

"दमलेला माणूस हळूहळू मंद होतो. ही मध्येच पळते, मध्येच रांगते. याला चालूपणा म्हणतात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सख्ख्या बहिणीचंही खरं लिहिलंस. मला अशीच माणसं हवीत."

घरी ताईला विचारलं. ती गोंधळली. "मी तर दहाही सारख्याच केल्या रे. तोंडात आकडे म्हणत करते मी. कॉलर उलटताना वीस, गळ्याला लावताना साठ."

"घड्याळ सांगतं तीन वेळा एक-बावन्न."

"तू नीट पाहिलंस?"

"घड्याळाने पाहिलं."

तिने बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "मग केल्या असतील. तुझ्यासमोर हात भरभर चालला असेल." आणि मला दूध प्यायला लावलं, जणू मीच शिवल्या होत्या.

गुरुवार, १३ मार्च

फळ्यावर आकडे लागले. कॉलरचा जुना आकडा दिवसाला एकशे पंचेचाळीस, नवा दोनशे वीस. फळ्यासमोर बायकांची गर्दी झाली. मग काजांच्या मशीनवरची बाई, जिला जीभ आवरत नाही, ती मोठ्याने म्हणाली, "कॉलरीला दोन हात लागतात, साहेबांना वाटतं चार आहेत."

तिला बोलायला काय जातं? काज, बटण, बाही, सगळ्यांच्या वेळा घेतल्या मी. चाळीस-पन्नास सेकंदांची कामं, तिथे आकडे चोख बसले, कुणी हूं की चूं केलं नाही. रडतात त्या फक्त कॉलरवाल्या सहाजणी. कॉलरवाली दुसरी एक मोजली तर ३.१०, ३.१२, २.०९, ३.११. तीही तसलीच. मनात आलं की मिनिट वाचवते, नाही तर नाही. साहेब म्हणतात तेच खरं, हा रोग कॉलर विभागालाच आहे.

बुधवार, १९ मार्च

ताईचे आज एकशे त्रेसष्ट झाले. आजवरचा तिचा सगळ्यात मोठा आकडा. फळ्यावर तरीही लाल खडूने लिहावं लागलं, दोनशे वीसच्या खाली सगळं लाल.

ती हल्ली सकाळपासून पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की दोन कॉलर जातात.

दुपारच्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी डबा उघडत नाही. सहा बायकांच्या बाकावर पाचजणी अशा पसरून बसतात की सहावीला जागाच राहू नये. ती मशीनवरच खाते. तिचं नावही पाडलंय, एक-बावन्न. "ए एक-बावन्न, सरक." "एक-बावन्नला विचारा, तिचा भाऊ मोजतो." आज तिच्या खुर्चीवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, ती न बघता बसली आणि दिवसभर पाठीमागे उलटे आकडे घेऊन हिंडली. मी सांगणार होतो, पण भर कारखान्यात वेळमापकाने बहिणीचे कपडे झटकत बसणं शोभलं नसतं.

शनिवार, २२ मार्च

कॉलरच्या दोघींना आज काढलं. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे म्हणतात. जाताना ती ताईच्या मशीनपाशी थांबली आणि इतकंच म्हणाली, "तुझे हात झडोत." ताई शिवत राहिली. मान वर केली असती तर पंधरा सेकंद गेले असते.

मला चहा होईपर्यंत वाईट वाटलं. पण साहेब म्हणाले तेही बरोबर आहे. माणूस रागावतो तो आरशावर, थोबाड आपलंच असतं.

मंगळवार, २५ मार्च

ताईच्या बोटात सुई गेली. डाव्या हाताची तर्जनी, नखातून आरपार, आणि आत तुटली. ओरडली नाही. मशीनचं चाक स्वतः उलटं फिरवून बोट सोडवलं, असं काजवाली सांगत होती. मी तेव्हा बाह्यांच्या रांगेत होतो.

काम खोळंबलं की त्याची नोंद करावी लागते, म्हणून धावत जाऊन वरचं बटण दाबलं. सुईचा तुकडा काढणं, धुणं, पट्टी, सगळं मिळून सतरा मिनिटे चार सेकंद. तेवढ्यात काजवालीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सुई मीच मारली. "साहेब, बहिणीचा हात धरा की, घड्याळ काय धरता," म्हणाली. उद्धट बाई.

ताई पट्टी बांधून पुन्हा बसली. एकशे एकतीस.

शुक्रवार, २८ मार्च

बोट सुजून काळंनिळं झालंय. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणते, रविवारी.

हल्ली ती पहाटेच उठून घरच्या जुन्या मशीनवर चिंध्यांच्या कॉलर शिवते. आज मी दात घासत होतो तर विचारलं, "बाळ्या, त्या दिवशी माझा डावा हात कुठे होता, आठवतंय का? गळा लावताना मी कापड आधी दुमडलं होतं की नंतर?"

मी म्हटलं, "मी घड्याळाकडे बघत होतो."

"हां, ते खरंच." मग स्वतःशीच म्हणाली, "काहीतरी वेगळं केलं असणार मी त्या तीन वेळेला. एकदा आलंय ना हाताला, मग परत येईल. हात विसरत नाहीत."

तिचा माझ्या आकड्यावर एवढा विश्वास बघून बरं वाटलं. कारखान्यात तसा कुणाचाच नाही.

सोमवार, ३१ मार्च

ताईला काढलं.

काढण्याच्या कागदावर वेळमापकाची सही लागते, हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, "तुला जड जाईल, माहीत आहे. म्हणून तर तुझी परीक्षा." तीन महिन्यांतला एकच उरलाय असं समज, असंही म्हणाले. मी सही केली. माझ्या जागी दुसऱ्याने केली असती, तर त्याने जास्त आनंदाने केली असती.

ताईने तिची कात्री, टाचण्यांची उशी आणि बसायची पातळ गादी पिशवीत भरली. दारापर्यंत कुणी उठलं नाही. मला बघून थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "साहेब, डबा मशीनच्या खाली राहिलाय. येताना घेऊन या."

बुधवार, २ एप्रिल

आज कापणीच्या टेबलावरचं मोठं काम मोजलं. माझ्या घड्याळात एकोणीस मिनिटं. साहेब नेमके शेजारी उभे होते, ते त्यांच्या मनगटावर बघून म्हणाले, "माझ्यात सव्वीस झालीत रे." सगळे हसले. मी तडक भिंगवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी झाकण उघडलं, बटण दाबलं आणि भिंग लावून लाल काट्याच्या फेऱ्या बघत बसले. तिसऱ्या फेरीला जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "हे बघ. बोट आलं, चाकाला घासलं आणि पुढे निघून गेलं. दात ढकललाच नाही. एक मिनिट गिळलं."

"दरवेळी?"

"दरवेळी असतं तर तुझ्याही लक्षात आलं असतं. तीनचारदा नीट ढकलतं, एकदा घसरतं. सेकंद अगदी बरोबर, मिनिट मात्र एक कमी. मिनिटाच्या आतलं काम असेल तर काहीच कळणार नाही. मोठं काम असलं की खातंच." मग भिंग वर करून माझ्याकडे पाहिलं. "मी पहिल्यांदाच म्हटलं होतं."

घड्याळ तिथेच ठेवून आलो. घरी आल्यावर दहा तारखेचं पान उघडलं. २.५१, २.५३, १.५२. बंद केलं. पुन्हा उघडलं. असं बऱ्याचदा झालं. ताईच्या बोटाच्या त्या सतरा मिनिटांचंही आता काही खरं नाही.

ताई आत मशीनवर होती. टक-टक-टक, थांबायची, पुन्हा टक-टक. तीन वेळा तोंड उघडलं. पण सांगितलं तर तिला वाटणार की एकोणीस वर्षांची नोकरी भावामुळे गेली. आयुष्यभर मनात राहील तिच्या. असं दुःख माणसाला देऊ नये.

शनिवार, ५ एप्रिल

घड्याळ मिळालं. काकांनी नवं बोट बसवलंय. दुकानात बसून दहा मिनिटं लावून पाहिलं, दहाला दहा.

जिवाचा हिय्या करून साहेबांना सांगितलं. सगळं नाही. मिनिटाच्या काट्यात जरा दोष होता, कॉलरच्या वेळा पुन्हा घेऊ या, एवढंच.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दुरुस्त झालं ना? मग विषय संपला. नव्या पोरी भीतीने एकशे सत्तर काढताहेत. आकडा खाली आणला की एकशे चाळीसवर येतील." मग हसले. "आणि चूक झाली म्हणतोस तर ती कुणाची लिहायची? कागदावर सही तुझी आहे. तुझं कायमचं पत्र टाइप होतंय, सोमवारी मिळेल. की थांबवू?"

मी म्हटलं, "नको."

"तुझ्या बहिणीचं वाईट वाटतंय तुला. माणूस आहेस, वाटणारच. असं कर, सोमवारी बोलाव तिला. सगळ्यांसमोर तीन कॉलर शिवू दे. त्यातली एक जरी एक-बावन्नमध्ये झाली तर जागा तिची."

मी घरी येऊन निरोप दिला. निरोप देणं माझ्या हातात होतं, ते केलं. ताईने देवाला हात जोडावे तसे माझ्यासमोर जोडले. "तू बोललास ना त्यांच्याशी? मला ठाऊक होतं, तू बोलशील."

रविवार, ६ एप्रिल

दिवसभर ताई शिवत होती आणि मी मोजत होतो. सुजलेलं बोट बाजूला धरून शिवते, त्यामुळे कापड निसटतं. पहिली कॉलर तीन मिनिटे अकरा सेकंद.

"किती झाले रे?"

तिच्याकडे पाहवेना. म्हटलं, "दोन-दहा."

तिचे डोळे चमकले. पुढची तीन-पाच. मी म्हटलं, दोन-एक. दुपारपर्यंत मी तिला एक-पंचावन्नपर्यंत आणलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, एकटीच हसत होती, भांडी पाडत होती. म्हणाली, "सांगत होते ना, हात विसरत नाहीत. तीनच सेकंद राहिले." संध्याकाळी बोटावरची पट्टी काढून पातळशी बांधली, म्हणजे उद्या अडचण नको.

आज इतक्या दिवसांनी ती पोटभर जेवली. मला याहून जास्त काय करता आलं असतं?

सोमवार, ७ एप्रिल

अकरा वाजता मशीन थांबवून सगळ्यांना गोल उभं केलं. ताई ठेवणीतल्या कपड्यांत आली होती, आल्या आल्या साहेबांना सांगत होती की काल घरी एक-पंचावन्न झाली. काजवालीने न सांगता तिला स्वतःची खुर्ची आणून दिली.

मी बटण दाबलं. या वेळी घड्याळाकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहिलं. ती तोंडात आकडे म्हणत होती. कॉलर उलटताना वीस. गळ्याला लावताना बोटातून पुन्हा रक्त आलं, ते कापडाला लागू नये म्हणून तिने बोट वर धरलं आणि उरलेलं काम चार बोटांनी केलं. पांढऱ्या कॉलरला डाग लागला नाही.

पहिली, तीन मिनिटे दोन सेकंद. दुसरी, दोन अठ्ठावन्न. तिसरी, तीन मिनिटे चार सेकंद. मी मोठ्याने वाचून दाखवलं, साहेबांनी तसंच सांगितलं होतं. कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "काल घरी जमत होतं म्हणे. कारखान्यात आलं की हात जड होतात, हाच तर रोग."

ताईने मान वर केली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी घातलेला नियम ती पहिल्यांदाच विसरली.

"बाळ्या," ती म्हणाली, "घड्याळ बिघडलंय का रे?"

साठ बायका माझ्याकडे बघत होत्या. भिंगवाल्या काकांनी बसवलेलं नवं बोट आत दर मिनिटाला आपलं काम चोख करत होतं. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "नाही ताई. घड्याळ अगदी बरोबर आहे."

ती उठली. कात्री पिशवीत टाकली, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेली. दुपारी मला पत्र मिळालं. आता मी कायम झालो.

संध्याकाळी घरी आलो तर तिने पान वाढून ठेवलं होतं. मी जेवायला बसल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाली, "सगळ्यांसमोर तुझ्या घड्याळावर संशय घेतला मी. तुला फार वाईट वाटलं असेल. चुकलं माझं."

मी म्हटलं, "असू दे. होतं असं कधी कधी."